न दिसणारी गळती

सायकलचे चाक पंक्चर झाले म्हणजे दुकानदार काय करतो, हे आपण सर्वांनी लहानपणी शेजारी उकिडवे बसून पाहिलेले आहे. तो ट्यूब बाहेर काढतो, तीत हवा भरतो आणि पाण्याच्या घमेल्यात ती हळूहळू फिरवीत जातो. जिथून बुडबुडे निघतील तिथे भोक. घरी गॅसचा सिलिंडर बदलायला आलेला मनुष्य जोडावर साबणाचा फेस लावून पाहतो, तोही याच न्यायाने. आज ज्या यंत्राविषयी मी आपल्याशी बोलणार आहे, त्याचेही मुख्य दुखणे गळती हेच असते. मात्र या यंत्राला घमेल्यात बुडवता येत नाही, साबणाचा फेस त्याला मानवत नाही, आणि सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की, गळती चालू असतानाही त्याच्या दर्शनी पाटीवर दाबाचा आकडा अगदी हवा तसा, निर्मळ दिसत राहू शकतो.

या यंत्राचे नाव गॅस क्रोमॅटोग्राफ. आपल्या शास्त्रीय ग्रंथांत या पद्धतीला वायु-वर्णलेखन म्हटले आहे. या नावातला ‘वर्ण’ म्हणजे खरोखरीच रंग. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी खडूच्या भुकटीने भरलेल्या काचेच्या नळीतून पानांचा अर्क झिरपू दिला, तेव्हा त्यातली रंगद्रव्ये हिरव्यापिवळ्या पट्ट्यांच्या रूपाने एकमेकांपासून वेगळी झाली. पुढे १९४१ साली आर्चर मार्टिन व रिचर्ड सिंज या इंग्रज शास्त्रज्ञांनी असे सुचवले की, वाहून नेणाऱ्या द्रवाच्या जागी वायूही चालू शकेल. ही सूचना दहा वर्षे तशीच पडून राहिली. अखेर मार्टिन यांनीच अँथनी जेम्स यांच्या साहाय्याने ती प्रत्यक्षात उतरवून १९५२ मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्याच वर्षी मार्टिन व सिंज यांना आधीच्या कामाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. आज या यंत्रात रंग कुठेच दिसत नाहीत. नाव तेवढे मागे राहिले आहे.

यंत्राची कल्पना सोपी आहे. बाजारपेठेतल्या एका लांब, अरुंद गल्लीतून शंभर माणसे एकाच वेळी आत सोडली, असे समजा. त्यांतला एखादा मान खाली घालून सरळ चालत सुटेल, एखादा दर दुकानाशी थांबेल. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहिलो, तर सारखी खोड असलेली माणसे साधारण बरोबरच बाहेर पडताना दिसतील. यंत्रातली गल्ली म्हणजे एक नळी. ती बहुधा तीस मीटर लांब असते, तिचे आतले पोकळ अंग पाव मिलिमीटर व्यासाचे असते, आणि तिच्या आतल्या भिंतीवर एका विशिष्ट द्रव्याचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. ही नळी वेटोळे करून एका छोट्या भट्टीत ठेवतात. तपासायच्या पदार्थाचा अर्क सुईने टोचला की, त्याची वाफ होते आणि हेलियम, हायड्रोजन किंवा नायट्रोजन यांपैकी एखादा वायू ती वाफ नळीतून पुढे नेतो. प्रत्येक घटक त्या थराशी आपापल्या स्वभावाप्रमाणे कमीअधिक रेंगाळतो, आणि टोकाशी बसलेला शोधक तो बाहेर पडताच आलेखावर एक शिखर उमटवतो. शिखर किती मिनिटांनी आले यावरून घटक कोणता हे ठरते, आणि शिखर केवढे आले यावरून तो किती आहे हे ठरते.

म्हणजे ओळख आणि मोजदाद, दोन्हींचा भार त्या वाहून नेणाऱ्या वायूवर आहे. वायूची चाल मंदावली तर घटक उशिरा येईल, आणि उशिरा आलेल्यावर दुसऱ्याचे नाव चिकटण्याचा संभव निर्माण होईल. वाटेत वायू गळाला आणि त्याच्याबरोबर थोडी वाफही गेली, तर शिखर ठेंगणे येईल. युरोपात जाणाऱ्या फळांना ज्या कीटकनाशकांसाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्यांना सरसकट एका किलोस ०.०१ मिलिग्राम ही मर्यादा लागू होते. म्हणजे शंभर किलो द्राक्षांत एक मिलिग्राम. एवढ्याशा मात्रेवरून माल जहाजावर चढणार की परत येणार हे ठरते, आणि तिथे शिखर थोडे ठेंगणे येणे ही लहान गोष्ट राहत नाही.

माझा रसायनशास्त्राशी संबंध शाळेपुरताच आला. पण नोकरीच्या ओघात काही वर्षे एका प्रयोगशाळेचा प्रशासकीय कारभार माझ्याकडे होता, आणि बंद पडलेल्या यंत्रांच्या फायली वाचता वाचता मी त्या यंत्रांपुढे जाऊन बसू लागलो. जे सांगतो आहे ते तिथल्या तंत्रज्ञांकडून शिकलेले आहे.

आधी उघड दुखणी घेऊ. दाब चढतच नाही, ही पहिली तक्रार. अशा वेळी अनुभवी मनुष्य प्रथम सिलिंडरची चावी पाहतो. सिलिंडर रिकामा असताना यंत्र खोलून बसलेली माणसे मी स्वतः पाहिली आहेत, म्हणून हे सांगावेसे वाटले. सिलिंडर भरलेला असेल तर गळती शोधायची. आणि इथे घाईने दिसेल ते नट आवळत सुटणे हा सर्वांत महागडा मार्ग. या जोडांत फेरूल नावाचे लहानसे शंकूच्या आकाराचे कडे असते. नट आवळला की ते नळीभोवती दबून बसते आणि फट बुजवते. बोटांनी घट्ट बसवून मग पान्याने पाव ते अर्धा वळसा, एवढे त्याला पुरते. अधिक पिळले तर कडे चेपते, क्वचित आतली काचेची नळीही तडकते, आणि नसलेली गळती आपण आपल्या हाताने निर्माण करतो. ग्रॅफाइट व पॉलिइमाइड यांच्या मिश्रणाची फेरूल तर भट्टी दोनचारदा तापून निवली की किंचित आकसते, त्यामुळे काल घट्ट असलेला जोड आज सैल सापडतो. नवी नळी बसवल्यावर काही दिवसांनी तो जोड पुन्हा तपासावा, असे जाणते लोक सांगतात ते यामुळेच.

शोधण्याची खरी युक्ती वाट मधोमध तोडण्याची आहे. सिलिंडरपासून शोधकापर्यंत वायूच्या वाटेवर वीसपंचवीस जोड असू शकतात. ते एकेक करून तपासण्यापेक्षा मध्येच कुठेतरी बूच मारावे. जिथे अर्क टोचतात त्या प्रवेशकक्षाचे खालचे तोंड आंधळ्या फेरूलने बंद करायचे, त्याच्या बाजूच्या वाटा मिटायच्या, दाब चढवायचा, सिलिंडरकडून येणारा पुरवठा तोडायचा आणि घड्याळ लावून बसायचे. दहा मिनिटे दाब जागच्या जागी राहिला, तर वरचा अर्धा भाग निर्दोष. मग दोष नळीत किंवा शोधकाच्या बाजूला. दाब घसरला तर वरच्याच अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करायचे. अशाने चारपाच फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. पण ही परीक्षा थंड यंत्रावर एकदा आणि तापलेल्या यंत्रावर एकदा, अशी दोनदा घ्यावी. धातू, रबर आणि ग्रॅफाइट ही तिन्ही उष्णतेने वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, म्हणून थंडपणी सोज्ज्वळ दिसणारा जोड गरम झाल्यावर तोंड उघडतो.

साबणाचा फेस या यंत्राला का चालत नाही? कारण फटीतून साबणाचे पाणी आत जाते आणि पुढे कित्येक दिवस आलेखावर कोठली तरी अनाहूत शिखरे उमटत राहतात. त्याऐवजी हातात धरायचे एक छोटे हुंगणारे उपकरण वापरतात. हेलियम हवेपेक्षा सुमारे सहापट आणि हायड्रोजन सुमारे सातपट उष्णता वाहून नेतो. उपकरणातल्या तापलेल्या तारेजवळ हा वायू आला की तार निवते आणि इशारा मिळतो. मात्र वाहक वायू नायट्रोजन असेल तर या उपकरणाचा उपयोग नाही, कारण सभोवतालची हवाच मुळी तीनचतुर्थांशाहून अधिक नायट्रोजन आहे.

दुसरी तक्रार उलट असते. दाब फार चढला, वायू पुढे सरकत नाही. म्हणजे वाटेत काहीतरी अडकले. टोचण्याच्या जागेवरच्या रबरी चकतीचे कण, नळी कापताना पडलेला काचेचा चुरा, तोंडाशी चिरडलेली फेरूल, किंवा जास्तीचा वायू बाहेर सोडणाऱ्या वाटेवर नमुन्यांच्या वाफा निवून साचलेला चिकटा, यांपैकी एक बहुतेक वेळा निघतेच. नळी कापताना तिच्या कडेला भिंग लावून पाहावे, एवढे पथ्य पाळले तर यांतली निम्मी दुखणी टळतात. पण दाब चढल्याचे पाहून प्रत्येक वेळी घाबरण्याचे कारण नसते, आणि इथे निसर्गाने एक गंमत करून ठेवली आहे. तूप तापले की पातळ होते, तेल तापले की सळसळ वाहते. वायूचे मात्र उलटे असते. वायू जसजसा तापतो तसतसा अधिक चिकट होतो, कारण त्याचे कण अधिक वेगाने एकमेकांना भिडू लागतात. भट्टी ५० अंशांवरून ३०० अंशांवर गेली की तोच वायू त्याच नळीतून त्याच चालीने ढकलायला अधिक दाब लागतो. प्रवाह कायम राखण्याची आज्ञा दिलेले यंत्र म्हणूनच आपण होऊन दाब वाढवीत जाते. नवखा मनुष्य ते पाहून नळी तुंबली समजतो आणि चांगले चाललेले यंत्र उघडतो.

आणखी एक दोष यंत्रातला नसून माणसातला. आजची यंत्रे प्रवाह प्रत्यक्ष मोजत नाहीत, तर नळीची लांबी, व्यास आणि दाब यांवरून त्याचे गणित मांडतात. या गणितात व्यासाचा प्रभाव चतुर्घाती असतो. व्यास दुप्पट तर त्याच दाबाला प्रवाह सोळापट, असा हिशेब जवळपास पडतो. नळीचे मळके टोक कापून टाकले आणि नवी लांबी यंत्राला सांगितली नाही, किंवा ०.२५ च्या जागी ०.३२ हा आकडा दिला, तर यंत्र बिनतक्रार चुकीचे गणित करीत राहते. त्याला सांगाल ते ते खरे मानते.

आता गळतीविषयीचा एक गैरसमज. आत दाब जास्त, बाहेर कमी, तेव्हा गळाले तर आतला वायू बाहेर जाईल, बाहेरची हवा आत कशी येईल, असे आपल्याला सहज वाटते. मलाही वाटले होते. पण वायूंच्या मिश्रणात प्रत्येक वायू मुख्यतः आपल्याच जातभाईंकडे पाहतो. बाहेर प्राणवायू सुमारे २१ टक्के आहे, आत तो शून्य आहे, आणि हा फरक आतल्या हेलियमच्या दाबाने पुसला जात नाही. बारीक फटीतून हेलियम मंदपणे बाहेर पडत असतानाच प्राणवायूचे कण त्याच फटीतून उलट्या दिशेने आत झिरपतात. जत्रा सुटल्यावर अरुंद बोळातून लोक बाहेर येत असता एखादा चुकार पोर अंग चोरून आत शिरावा, तसे. आत आलेला हा प्राणवायू तापलेल्या नळीतल्या त्या पातळ थराला खाऊ लागतो. आलेखाची आधाररेषा हळूहळू वर चढते, शिखरांना शेपट्या फुटतात, आणि वर्षे दोन वर्षे टिकणारी नळी फार लवकर निकामी होते. ज्या यंत्राच्या टोकाशी कणांचे वस्तुमान मोजणारा शोधक असतो, तिथे ही चोरी लगेच पकडता येते. नायट्रोजनचे वस्तुमान २८ आणि प्राणवायूचे ३२. हे दोन आकडे हवेतल्या त्यांच्या प्रमाणाप्रमाणे, साधारण चारास एक असे, एकत्र डोके वर काढू लागले, की हवा आत येते आहे हे निश्चित. मग संशयित जोडावर आर्गॉन वायूचा हलका फवारा द्यायचा. ज्या जोडापाशी ४० हा आर्गॉनचा आकडा उसळी घेतो, तोच जोड फुटका.

वाहक वायूच्या निवडीनेही गळतीचे रूप पालटते. हेलियम निरुपद्रवी आहे, पण महाग आहे. १८६८ च्या १८ ऑगस्टला आपल्याच देशातून दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या सुमारास ज्याचा प्रथम माग लागला, तो हा वायू आज आपल्याला परदेशातून विकत आणावा लागतो. तेव्हा हेलियमची गळती ही पैशाची गळती. कित्येक प्रयोगशाळा म्हणून हायड्रोजनकडे वळल्या आहेत. हायड्रोजन स्वस्त आहे, जलद काम करतो, पण हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असले तरी तो ठिणगीने पेट घेतो. नळी भट्टीत तुटलेली किंवा जोडायची राहिलेली असताना वायू सोडला, तर ती बंद भट्टी हायड्रोजनने भरते, आणि मग ती तापवणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण. नळीला हात लावण्यापूर्वी हायड्रोजनची चावी बंद, हा नियम तिथला शिपाईसुद्धा जाणून असायला हवा.

आता दर्शनी पाटीवरच्या त्या निर्मळ आकड्याकडे येतो. अर्क टोचायची जागा एका रबरी चकतीने बंद असते. तिला सेप्टम म्हणतात. सुई तीतून आत जाते, बाहेर येते, आणि चकती आपले भोक आपण मिटवते. पण असे किती वेळा मिटवणार? साधारण शंभर वेळा टोचल्यानंतर तिचा भरवसा धरू नये. प्रेशर कुकरच्या झाकणाची रबरी कडी जुनी झाली की शिटी होत नाही, कडेने वाफ जाते, आणि स्वयंपाकघरातल्या माणसाला ते लगेच कळते. जुन्या यंत्रांतही चकती फाटली की दाबाचा काटा खाली येई. आताच्या यंत्रांत दाब राखण्याचे काम इलेक्ट्रॉनिक झडपांकडे असते. चकतीतून वायू गळू लागला की यंत्र निमूटपणे जास्तीच्या वायूची दुसरी वाट तेवढी आखडते आणि दाब ठरल्या जागी राखते. गळती फारच वाढली तरच आकडा कोसळतो. एखाद्या कचेरीतला कर्तबगार हेडक्लार्क जसा रोकडीतली लहान तूट इकडचे तिकडे करून महिनाअखेरपर्यंत झाकून ठेवतो, तसाच हा प्रकार. दाब बरोबर, म्हणून चाल बरोबर, म्हणून शिखर ठरल्या मिनिटालाच येते. फक्त ते ठेंगणे येते, कारण वाफेचा काही भाग चकतीतून निघून गेलेला असतो.

ही तूट उघडकीस आणायची तर जमाखर्चच मांडावा लागतो. यंत्रात मिनिटाला किती वायू गेला हे एका बाजूला, आणि चकतीखालून, जास्तीच्या वाटेतून व नळीच्या टोकातून मिळून किती बाहेर आला हे दुसऱ्या बाजूला. बाहेर पडणारा वायू यंत्राच्या पाटीवर वाचायचा नाही, तर प्रत्येक तोंडाशी वेगळे प्रवाहमापक लावून मोजायचा. दोन्ही बाजूंचा मेळ बसला नाही, तर जेवढा फरक तेवढी गळती. दुसरी परीक्षा याहून सोपी आहे. माहीत असलेल्या मात्रेचे प्रमाण द्रावण नमुन्यांच्या आधी टोचतात, तसेच ते मधून मधून आणि अखेरीसही टोचायचे. आरंभीचे आणि अखेरचे शिखर सारखे आले, तर मधल्यांवर विश्वास ठेवायचा.

आमच्याकडे एका शुक्रवारी रात्री हे अखेरचे द्रावण टोचले गेले नाही. फळांचे नमुने बरेच साचले होते, माल गोदामात अडकला होता, व्यापाऱ्यांचे फोनावर फोन येत होते, आणि अहवाल लवकर सुटावेत म्हणून तगादा लावणाऱ्यांत मी स्वतः होतो. यंत्र रात्रभर आपले आपण टोचत राहिले. सकाळी आलेख पाहिले तर दाब अचूक, वेळा अचूक. शनिवारी दुपारी अहवाल गेले. सोमवारी तंत्रज्ञाने प्रमाण द्रावण टोचले, तेव्हा शिखर शुक्रवारच्या निम्म्यावरही आले नाही. त्याने प्रवेशकक्ष उघडून चकती माझ्या टेबलावर आणून ठेवली. तिच्या मधोमध डाळिंबाच्या बीएवढा खड्डा पडला होता, आणि तिचे कण खालच्या काचेच्या नळीत सांडले होते.

नमुन्यांचे अर्क सुदैवाने शीतपेटीत राखून ठेवलेले होते. नवी चकती घालून रात्रीच्या उत्तरार्धातले अकरा अर्क पुन्हा टोचले. आठांचे निकाल बदलले, पण मर्यादेच्या आतच राहिले. तीन मर्यादेबाहेर गेले. त्या तिघांना अहवाल मागे घेत असल्याची पत्रे मी त्याच दिवशी सही करून पाठवली. दोघांचा माल अद्याप गोदामात होता. तिसऱ्याने फोनवर सांगितले की, त्याची फळे रविवारीच बाजारात गेली होती.